ज्ञानाच्या वाटेवरील अंतराय : विद्यार्थ्यांची शैक्षणिक प्रगती आणि समाजाचे दायित्व

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुर्ला येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या जीवनातील आनंदाचा आणि आत्मपरीक्षणाचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांपूर्वी संस्थेच्या सभेत आईच्या मांडीवर बसलेली मुले आज स्वतः पालक झालेली असतात. त्यांच्या हाती आता पुढील पिढी आहे. त्या पिढीविषयी प्रत्येक घरात एक प्रश्न विचारला जातो : मुलगा अभ्यासात मागे का पडतो? एकाच इमारतीत राहणारी, एकाच शाळेत, एकाच वर्गात बसणारी दोन मुले असतात. एकाला नव्वद टक्के गुण मिळतात, तर दुसरा नववीच्या गणितातच अडकतो. त्याचे उत्तर बहुधा तीन शब्दांत दिले जाते : बुद्धी, नशीब किंवा शाळा. या तिन्ही उत्तरांत एक सोय आहे. उत्तर देणाऱ्याला स्वतःला काहीच करावे लागत नाही. प्रस्तुत विवेचनाचा हेतू ही सोय थोडी कमी करण्याचा आहे.

साक्षरतेचे समाधान

२००१ च्या जनगणनेत भारतातील जैन समाजाची साक्षरता ९४.१ टक्के नोंदविली गेली. स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के होती. देशातील सर्व धर्मसमुदायांत हे प्रमाण सर्वाधिक होते आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु साक्षरता आणि शैक्षणिक प्रगती या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला लिहिता-वाचता येते त्याची नोंद जनगणना साक्षर म्हणून करते. तो दहावीला का थांबला, अकरावीत विज्ञान शाखा सोडून का आला, दुकानात बसण्याचा निर्णय त्याने आनंदाने घेतला की पराभवाने, हे त्या आकड्यात दिसत नाही.

समाजाच्या संस्थांत दरवर्षी गुणगौरव समारंभ होतात. विशेष प्रावीण्य मिळविणाऱ्यांची यादी वाचली जाते, शाल-श्रीफळ दिले जाते, छायाचित्रे निघतात. ही परंपरा चांगलीच आहे. पण ज्या मुलांची नावे कोणत्याही वर्षी त्या यादीत आली नाहीत, त्यांची यादी सहसा कोणाकडेच नसते. ती मुले समारंभाला येत नाहीत आणि त्यांचे आई-वडीलही मागच्या रांगेत बसतात. शैक्षणिक प्रगतीचा विचार खऱ्या अर्थाने या मागच्या रांगेपासून सुरू व्हावयास हवा.

ज्ञानावरणीय कर्माचा विपर्यास

मागे पडणाऱ्या मुलाविषयी जैन घरांत एक वाक्य सहज उच्चारले जाते : "त्याचे ज्ञानावरणीय कर्मच तसे आहे, काय करणार?" वाक्य धार्मिक वाटते, परंतु त्यात सिद्धांताचा विपर्यास आहे. जैन दर्शनानुसार ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव आहे. ज्ञानावरणीय कर्म त्या ज्ञानावर केवळ आवरण घालते. दिव्यावर वस्त्र टाकले म्हणून दिवा विझत नाही. वस्त्र जितके दूर होईल तितका प्रकाश बाहेर येतो आणि या दूर होण्यालाच क्षयोपशम म्हणतात. त्यासाठी पुरुषार्थ सांगितला आहे. सर्व काही कर्मावर सोपवून हात जोडून बसावे असे कोणत्याही आचार्यांनी सांगितलेले नाही.

आणखी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हे कर्म कशाने बांधले जाते याची कारणे दिली आहेत. ज्ञानाविषयी मनात द्वेष धरणे, असलेले ज्ञान लपविणे, मत्सरापोटी ते दुसऱ्याला न देणे, दुसऱ्याच्या ज्ञानार्जनात अंतराय म्हणजे विघ्न आणणे, ज्ञान देणाऱ्याला अडविणे आणि खऱ्या ज्ञानाला दूषण देणे अशी ती सहा कारणे आहेत. ही सारी कारणे ज्ञानाशी, ज्ञानवंताशी आणि ज्ञान घेणाऱ्याशी माणूस कसा वागतो यासंबंधीची आहेत. म्हणजे अभ्यास करणाऱ्या मुलाच्या कानाशी मोठ्या आवाजात दूरदर्शन संच लावणारा वडील माणूस त्या मुलाच्या कर्माचा साक्षीदार तर असतोच, शिवाय स्वतःच्या कर्माचा कर्ताही असतो. शिक्षणशास्त्र ज्याला शैक्षणिक प्रगतीवर परिणाम करणारे घटक म्हणते, त्यांतील पुष्कळ घटक शास्त्राच्या भाषेत अंतराय आहेत. ते ओळखले तर दूर करता येतात.

स्थान आणि शांतता

पहिला अंतराय जागेचा. कुर्ला हे मध्य आणि हार्बर या दोन उपनगरी मार्गांचे जंक्शन आहे. लोकमान्य टिळक टर्मिनस येथेच आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरील वाहतूक रात्रीही पूर्णपणे थांबत नाही आणि विमानतळावर उतरणारी विमाने घरांच्या छपरांवरून खाली येत असतात. या गोंगाटाची कुर्लेकरांना सवय झाली आहे, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. मोठ्या माणसांना तशी सवय होत असेलही. वाचायला शिकणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी आहे.

न्यूयॉर्कमधील एका शाळेची इमारत उंचावरून जाणाऱ्या लोहमार्गाला लागून होती. एका बाजूच्या वर्गांत दर काही मिनिटांनी गाडीचा धडधडाट येई, तर दुसऱ्या बाजूचे वर्ग शांत असत. शाळा एकच, पाठ्यपुस्तके तीच. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या शाळेच्या अभ्यासात असे आढळले की, गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात मागे पडत होती आणि वरच्या इयत्तेपर्यंत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे झाले होते. त्यानंतर रुळांखाली रबरी थर घालण्यात आले आणि वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे आवरण बसविण्यात आले. १९८१ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता. मुलांच्या बुद्धीत यादरम्यान कोणताही बदल झाला नव्हता, केवळ आवाज कमी झाला होता.

कुर्ल्यातील चाळीत किंवा एका खोलीच्या घरात राहणाऱ्या मुलाला शांत कोपरा कोठून मिळणार? त्याच खोलीत स्वयंपाक होतो, आजोबा झोपतात, पाहुणे येतात आणि तेथेच तो वही उघडतो. वही उघडून बसला म्हणजे अभ्यास झाला असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात दोन तासांत त्याचे लक्ष वीस वेळा मोडलेले असते. अशा मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या बसण्याच्या जागेकडे एकदा पाहावे.

घराची घडी

दुसरा घटक घराच्या स्थैर्याचा आहे. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी झाली. शाळांच्या इमारती व साधने यांतील फरकापेक्षा विद्यार्थ्याच्या कौटुंबिक पार्श्वभूमीचा त्याच्या यशाशी अधिक निकटचा संबंध दिसला. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले, परंतु घराला वगळून शाळेचा विचार करता येत नाही हे तेव्हापासून सर्वमान्य झाले.

कुर्ल्याला हे निराळे सांगावे लागत नाही. येथील स्वदेशी मिल २००० साली बंद पडली. प्रीमियर पद्मिनी मोटार जेथे तयार होत असे त्या येथील कारखान्यातील उत्पादनही त्याच सुमारास थांबले. गिरणी किंवा कारखाना बंद होतो तेव्हा केवळ वेतन थांबत नाही. ठरावीक वेळी भोंगा, ठरावीक वेळी जेवण आणि ठरावीक तारखेला शुल्क अशी घराची एक घडी असते, तीही विस्कटते. दुकानांत, पेढ्यांत नोकरी करणारी अनेक जैन कुटुंबे अशाच अनिश्चिततेतून गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदीच्या काठावरील कुर्ल्यात तळमजल्यांवरील घरांत पाणी शिरले. धान्य आणि कपडे यांची भरपाई लोकांनी एकमेकांना केली. भिजलेल्या वह्या, अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम आणि मुलांच्या मनात बसलेली पावसाची धास्ती यांची भरपाई कोणत्याही पंचनाम्यात बसत नाही. पुढे २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद राहिल्या, तेव्हा एका घरात एकच मोबाइल आणि शिकणारी मुले दोन किंवा तीन अशी स्थिती अनेकांनी अनुभवली. त्या दोन वर्षांत निसटलेला पाया ज्यांचा पुन्हा घातला गेला नाही, ती मुले आज वरच्या वर्गांत चाचपडत आहेत.

मूल नेमके कोठे उभे आहे?

येथे या विषयाच्या गाभ्याशी येता येते आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द कुर्ल्याच्या परिसरातच घडले आहे. १९९५ साली मुंबईत 'प्रथम' या संस्थेची स्थापना झाली. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीपर्यंत पोहोचूनही अनेक मुलांना अक्षरे आणि अंक ओळखता येत नाहीत, हे या संस्थेच्या ध्यानी आले. त्यावर तिने 'बालसखी' हा उपक्रम आखला. वस्तीतीलच शालान्त शिक्षण झालेली तरुणी निवडावयाची, तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यावयाचे आणि वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना तिने रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून अगदी प्राथमिक वाचन व अंकज्ञान शिकवावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप होते. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये असे.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात वडोदरा आणि मुंबई येथे या उपक्रमाची काटेकोर परीक्षा केली. मुंबईतील हे काम महापालिकेच्या ज्या एल विभागातील शाळांत सुरू झाले, त्याच विभागात कुर्ला येते. काही शाळांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून एका इयत्तेसाठी बालसखी दिली गेली, तर इतरांना दुसऱ्या इयत्तेसाठी. मग दोन्हींची तुलना करण्यात आली. बालसखी असलेल्या वर्गांची प्रगती स्पष्टपणे अधिक झाली आणि दुसऱ्या वर्षी तर ती पहिल्या वर्षाच्या दुपटीच्या आसपास गेली. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१९ मध्ये बॅनर्जी व डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या परीक्षणातील एक बारकावा प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा. पंधरा-वीस मुले बालसखीकडे गेल्यावर मूळ वर्गात मुलांची गर्दी कमी झाली, तरीही तेथे उरलेल्या मुलांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. प्रगती झाली ती मुख्यतः मागे पडलेल्या आणि बालसखीकडे बसलेल्या मुलांची. म्हणजे वर्ग लहान केल्याने जे साधले नाही, ते मूल जेथे उभे आहे तेथून शिकविल्याने साधले. उपक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिले तेव्हा ही वाढ काहीशी ओसरली होती, हेही नोंदविले पाहिजे. हात अर्ध्यावर सोडला तर मूल पुन्हा मागे सरकते, हा त्याचा अर्थ.

कुर्ल्यातील हजारो रुपये शुल्क घेणाऱ्या शिकवण्यांकडे या दृष्टीने पाहावे. नववीतील मुलाचे गणित कच्चे असते, म्हणून त्याला नववीच्या गणिताची शिकवणी लावली जाते. त्याची खरी अडचण पाचवीतील अपूर्णांकांत असते. वरच्या मजल्याला दुरुस्ती चालते आणि तडा पायात असतो. दोन वर्षे शुल्क भरूनही गुण वाढत नाहीत, तेव्हा आई-वडील थकून म्हणतात, "याच्याने होणार नाही." मुलगाही तेच स्वतःशी म्हणू लागतो आणि तेथून त्याचे मागे पडणे पक्के होते.

जैन आचारधर्माला ही दृष्टी नवीन नाही. भगवंतांच्या शासनात मुनीसाठी महाव्रते आणि गृहस्थासाठी अणुव्रते आहेत. ज्याची जितकी शक्ती तितके व्रत आणि मग क्रमाक्रमाने वृद्धी अशी ती योजना आहे. श्रावकाच्या अकरा प्रतिमा पायऱ्यांप्रमाणे एकीवर एक रचलेल्या आहेत. साधकाची पायरी पाहून त्याला पुढचे पाऊल सांगणारा समाज मुलाच्या शिक्षणात मात्र पायरी न पाहताच शिखराची अपेक्षा करतो.

शरीर, भाषा आणि संगत

काही अंतराय इतके साधे असतात की त्यांकडे लक्षच जात नाही. फळ्यावरचे अस्पष्ट दिसणारे मूल ते बोलून दाखवत नाही, कारण सर्वांना तसेच दिसते असे त्याला वाटते. ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि शिक्षक त्याला नक्कल करणारा ठरवतात. चष्मा लागल्यावर अनेकदा त्याची वर्गातील वागणूकच बदलते. रक्तक्षयाने थकलेली मुलगी दुपारच्या तासांना डुलक्या घेते आणि आळशी ठरते. रात्री बारापर्यंत मोबाइल पाहून सकाळी सहाला उठणारे मूल शाळेत शरीराने हजर आणि मनाने झोपलेले असते. डोळे, रक्त आणि झोप या तीन गोष्टी तपासल्याशिवाय कोणत्याही मुलाच्या बुद्धीविषयी निर्णय देऊ नये.

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रारंभीचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे, ही शिफारस युनेस्कोने १९५३ सालीच केली होती. आज बहुतेक घरांनी इंग्रजी माध्यम निवडले आहे. त्या निवडीमागील चिंता समजण्यासारखी आहे. परंतु माध्यम कोणतेही असो, घरात मराठीत, गुजरातीत किंवा मारवाडीत भरपूर बोलले, वाचले आणि सांगितले गेले तर मुलाच्या मनात विचाराला आकार येतो. रात्री आजीने सांगितलेली गोष्ट ऐकणारे आणि "मग पुढे काय झाले?" असे विचारणारे मूल आकलनाचाच अभ्यास करीत असते. केवळ इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग पाठ करून घेणाऱ्या आणि इतर वेळी गप्प असणाऱ्या घरात ही संधी मिळत नाही. आईचे शिक्षण येथे फार मोलाचे ठरते. आई स्वतः पदवीधर असलीच पाहिजे असे नाही. तिने वही उघडून पाहिली आणि "हे मला समजावून सांग" असे म्हटले, तरी समजावताना मुलाला स्वतःचे न समजलेले कळते.

तुलनेचा उल्लेखही येथे केला पाहिजे. चुलत भावाचे गुण, शेजारच्या मुलीचा क्रमांक, मामाच्या मुलाचा अभियांत्रिकीतील प्रवेश यांची उदाहरणे देऊन मुलाला प्रेरणा मिळते असा समज आहे. त्यातून बहुधा मत्सर आणि न्यूनगंड निर्माण होतो. मत्सर हे शास्त्राने ज्ञानावरणाच्या कारणांत घातलेले एक कारण आहे, हे पालकांनी विसरू नये. मुलाची तुलना करावयाचीच असेल तर ती त्याच्या गेल्या महिन्याशी करावी.

पूर्वजांनी काय ओळखले होते

जैन समाजातील द्रष्ट्या पुरुषांनी शतकापूर्वीच या घटकांचे मर्म जाणले होते. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी मुंबईत आपल्या वडिलांच्या नावे जैन बोर्डिंग उभारले. आचार्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. समंतभद्र महाराजांनी कारंजा येथे आणि पुढे १९३४ साली कुंभोजजवळील बाहुबली येथे ब्रह्मचर्याश्रम स्थापन केले. या सर्वांनी मुलाला राहायला जागा, वेळेवर जेवण, शांतता आणि विचारपूस करणारा कोणीतरी मिळावा ही गरज प्रथम ओळखली.

त्याच कुंभोज गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला गेले, तेथे जैन बोर्डिंगमध्ये राहिले. पुढे ते वसतिगृह त्यांना सोडावे लागले आणि राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला. ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. आजच्या गुणगौरव समारंभाच्या निकषांवर त्यांचे नाव कोणत्याही यादीत आले नसते. याच भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुलांना अन्न कमी पडू लागले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. 'कमवा आणि शिका' या योजनेने गरिबाच्या मुलाला उपकाराच्या ओझ्याखाली न दबता शिकता आले. १९५९ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. ज्या खेड्यांतील मुलांना शिक्षण झेपणार नाही असे मानले जात होते, त्याच खेड्यांतील मुले रयतच्या शाळांतून शिकून शिक्षक, अधिकारी आणि प्राध्यापक झाली. त्यांच्यासाठी भाऊरावांनी मोकळी केली ती वाट होती.

सुवर्णमहोत्सवी वर्षात काय करता येईल

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. समाजाची सभागृहे प्रवचन, विवाह आणि सभा यांखेरीज बराच काळ रिकामी असतात. त्यांतील एक दालन सायंकाळी अभ्यासिका म्हणून उघडता येईल. दिवा, पंखा, बाके, पिण्याचे पाणी आणि शांततेचा एक नियम एवढे पुरेसे आहे. चाळीतील ज्या मुलाला घरी कोपरा नाही त्याला तेथे कोपरा मिळेल.

दुसरी गोष्ट बालसखीच्या धर्तीवर करता येईल. समाजातील निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले श्रावक, महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणी आणि घरी असलेल्या सुशिक्षित श्राविका यांनी प्रत्येकी चार-पाच मुले वाटून घ्यावीत. प्रथम इयत्ता बाजूला ठेवून मुलाला काय येते याची साधी तपासणी करावी. एक उतारा वाचून घ्यावा, एक वजाबाकी, एक भागाकार आणि एक अपूर्णांक सोडवून घ्यावा. जेथे अडले तेथून प्रारंभ करावा आणि किमान दोन वर्षे हात सोडू नये. चार दानांत ज्ञानदानाची गणना आहे. ते दान पावतीपुस्तकाविनाही देता येते.

तिसरी गोष्ट प्रत्येक घराने करावयाची आहे. जैन गृहस्थाला सामायिकाचा परिचय असतो. एक मुहूर्त म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे मन एका ठिकाणी ठेवण्याचा तो अभ्यास आहे. ज्या घरी सूर्यास्तापूर्वी भोजन होते, त्या घराला सायंकाळचा वेळ मोकळाच मिळतो. त्यातील अठ्ठेचाळीस मिनिटे संपूर्ण घराने दूरदर्शन आणि मोबाइल बंद ठेवून बसावे. मुलांनी अभ्यास करावा, वडिलांनी वर्तमानपत्र किंवा ग्रंथ वाचावा, आईलाही त्या वेळी स्वयंपाकघरातून सुट्टी असावी. ज्या घरी वडील रात्रीच्या लोकलने उशिरा परततात, तेथे आजी-आजोबांनी ही जबाबदारी घ्यावी. मूल सांगितलेल्या गोष्टींपेक्षा पाहिलेल्या गोष्टी लवकर उचलते.

चौथी गोष्ट ज्ञानपूजेच्या दिवशी करता येईल. श्रुतपंचमीला दिगंबर आणि ज्ञानपंचमीला श्वेतांबर परंपरेत ग्रंथांची पूजा होते. त्याच दिवशी समाजातील सर्व शालेय मुलांची नेत्रतपासणी आणि रक्ततपासणी व्हावी. ज्या डोळ्यांनी ग्रंथ वाचावयाचे त्यांची काळजी घेणे हीही ज्ञानाचीच पूजा आहे.

आणि अखेरची गोष्ट गुणगौरव समारंभासंबंधी. नव्वद टक्के मिळविणाऱ्यांचा सत्कार अवश्य व्हावा. त्यांच्याबरोबरच गेल्या वर्षी पस्तीस गुणांवर अडकलेला आणि यंदा पंचावन्नापर्यंत पोहोचलेला विद्यार्थीही व्यासपीठावर यावा. त्याने कापलेले अंतर कदाचित अधिक मोठे असेल. त्याचे नाव पुकारले जाईल तेव्हा मागच्या रांगेत बसलेली त्याची आई उठून पुढे येईल आणि सभागृहातील आणखी पाच-दहा घरांना वाटेल की, आपल्याही मुलाला पुढच्या वर्षी येथे येता येईल.

बुद्धी जन्माने किती मिळाली, हे कोणालाही निश्चित मोजता आलेले नाही. जागा, शांतता, वेळ, निरोगी डोळे, घरातील संवाद आणि मूल जेथे आहे तेथून शिकविणारा माणूस या गोष्टी मात्र मोजता येतात आणि देताही येतात. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या न्यासाचा पाया घातला, त्यांनी पुढील पिढीचा विचार केला होता. त्यांच्या स्मरणार्थ या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील आणि शेजारच्या घरातील एका मुलाच्या वाटेवरील एक अंतराय दूर करण्याचा संकल्प करावा. साठाव्या वर्षी जेव्हा पुन्हा अशी सभा भरेल, तेव्हा मागची रांग थोडी रिकामी झालेली दिसो, हीच जिनेंद्र भगवंतांच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.